सांतिनेज खाडी: आधी भरतीचं कोष्टक, मग पोकलेन

पणजीत कुणालाही विचारा, सांतिनेजच्या त्या पाण्याला तो 'नाला' म्हणेल. तिचं वागणं मात्र खाडीचं आहे. दिवसातून दोनदा ती मांडवी नदीचं पाणी आत घेते आणि दोनदा बाहेर सोडते. शब्दाचा कीस काढायचा म्हणून हे सांगत नाही. 'नाला' म्हटलं की पाणी एकाच दिशेनं वाहणार असं गृहीत धरलं जातं, मग उतार काढा, भिंती घाला, गाळ उपसा, झालं. खाडीत हा हिशेब पहिल्याच उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, चुकतो. सांतिनेजवर आजवर जी कामं फसली, त्यातली निम्मी तरी या एका शब्दानं फसली असं माझं मत आहे.

ताळगावात नागाळीच्या टेकड्यांच्या पायथ्याचं पाणी आणि शेतांतलं पाणी एकत्र येऊन हिची सुरुवात होते. ताळगावची शेतं, टोंक, कामराभाट, तांबडी माती, सांतिनेज असं करत कांपालला ती मांडवीला मिळते. लांबी जेमतेम चार किलोमीटर. वरचा पट्टा गोड्या पाण्याचा, मधला मचूळ, मुखाजवळचा खारा. पण या सीमा एका जागी थांबत नाहीत. जुलैत मांडवीच पुराच्या पाण्यानं गोडी झालेली असते, त्यामुळे कांपाललाही पाणी जवळजवळ गोडं लागतं. मे महिन्यात उलट, मीठ आत चढतं. त्यामुळे 'या पुलाखालचं पाणी खारं की गोडं?' या प्रश्नाला महिना आणि वेळ सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

शहराला अशी दुसरीही खाडी आहे. मळ्यातून येऊन, फोंताईन्हासच्या कडेनं, रुआ द ओरेंला लागून ती पाटो पुलाखालून मांडवीला जाते. मुळात पणजीचा बराचसा सपाट भाग दलदलीचा, भरतीच्या पाण्याचाच होता. पणजी आणि रायबंदर जोडणारा लांबलचक दगडी पूल-रस्ता १६३३-३४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारेसच्या कौंटाच्या काळात बांधला गेला, तो याच पाणथळ जमिनीवर. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, त्याच्या थोडं आधी आणि नंतर सखल भाग भरून रस्ते काढले गेले. पाण्याची जागा आपण घेतली, भरतीची वेळ मात्र आपल्या हातात आली नाही.

कोष्टक कसं वाचायचं

मांडवीच्या मुखाशी उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साधारण २.३ मीटर असतो, भांगेला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, साधारण मीटरभर. दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटांचं अंतर, म्हणून रोज भरती पन्नासेक मिनिटं उशिरा येते. कोकणात तिथीला पाऊणनं गुणून पूर्ण भरतीची वेळ काढायची पद्धत आहे. अष्टमी म्हणजे आठ पाऊणे सहा, सहाच्या सुमारास भरती. पणजीला ती थोडी आधी येते. मासे पकडायला निघणाऱ्याला एवढा अंदाज पुरतो, काम काढायला पुरत नाही. त्यासाठी मुरगाव बंदराचं छापील कोष्टक घ्यावं. त्यात वेळेच्या जोडीला पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेली असते, आणि खरी किंमत त्या उंचीच्या रकान्याला आहे. आपल्याकडे एकाच दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक खोल उतरते, दुसरी अर्ध्यावर थांबते. पाहणीला निघायचं ते खोल ओहोटीला. अर्धवट ओहोटीला गेलात तर जे बघायला गेलात तेच पाण्याखाली असेल.

कोष्टकातली वेळ मुरगावची. ती मांडवीच्या मुखाला जवळपास लागू पडते, पण खाडीच्या आत नाही. मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटा, आणि पुलांचे अरुंद गाळे पाणी अडवून धरतात, त्यामुळे मुखाशी भरती पुन्हा चढू लागली तरी आत पाणी उतरतच असतं. हा उशीर किती, हे ज्याचं त्यानं मोजावं. पुलाच्या खांबावर तेलरंगानं दर ५ सेंटिमीटरला रेघ मारायची आणि उधाणाच्या एका दिवशी दर १५ मिनिटांनी आकडा लिहायचा, सहा तास. एक माणूस कांपालच्या बाजूला, एक वर. दोघांची घड्याळं जुळवून घ्यायची. दोन्ही आकड्यांचे आलेख एकाच कागदावर काढले की कुठली मोरी पाणी तुंबवते ते दिसतं. जिच्या वर आणि खाली पाण्याच्या पातळीत हातभर फरक पडतो, ती. त्या मोरीच्या पोटात काय अडकलंय ते आधी बघा. बहुतेक वेळा तिथं पाण्याची, मलनिस्सारणाची नाहीतर केबलची आडवी गेलेली नळी असते आणि तिला प्लास्टिक, फांद्या, चिंध्या, नारळाच्या झावळ्या लटकलेल्या असतात. एका नळीमागे अर्धा गाळा बंद.

पाइपांची ओळख

पाहणीची योग्य वेळ सकाळी साडेसहा ते नऊ, आणि ती खोल ओहोटीशी जुळली पाहिजे. महिन्यातून असे तीन-चार दिवसच मिळतात. घराघरांत आंघोळी, भांडी, संडास याच वेळी चालतात, त्यामुळे जे पाइप दुपारी कोरडे दिसतात ते आता बोलायला लागतात.

काठच्या भिंतीतून बाहेर आलेला प्रत्येक पाइप लिहून काढायचा: व्यास, पाण्याच्या तळापासून उंची, वाहतो की नाही, रंग, वास. राखाडी, फेसाळ आणि साबणाचा वास म्हणजे न्हाणीघर-स्वयंपाकघर. तेलकट तवंग आणि तोंडाला पांढुरकं मेण धरलेलं म्हणजे खानावळ. काळं, गढूळ, अधूनमधून उसळणारं पाणी म्हणजे सेप्टिक टाकीचा ओव्हरफ्लो. स्वच्छ आणि सतत बारीक धार लागलेली असेल तर तो झरा असतो किंवा फुटलेली नळाची लाइन, आणि दोन्हींची चौकशी करण्यासारखी आहे. पाइपाच्या तोंडाखालचा चिखल पाहायला विसरू नका. तिथं राखाडी-पांढरे, कापसासारखे धागे डुलत असतील तर ते सांडपाण्यावर वाढणाऱ्या जिवाणूंचं बुरशीसारखं जाळं आहे. पाइप त्या क्षणी कोरडा असला तरी हे जाळं सांगतं की इथून रोज घाण येते. पाइप धुऊन-पुसून ठेवणारे असतात, हे जाळं पुसायचं कुणाला सुचत नाही.

पाइप कुणाचा हे ठरवायला रंग वापरतात. फ्लोरेसीन नावाची हिरवी-पिवळी चमकणारी पूड मिळते, चमचाभर बादलीत विरघळवून संशयित संडासात ओतायची. दुसऱ्या माणसानं खाडीकडे उभं राहून घड्याळ बघायचं. दहा-पंधरा मिनिटांत पाइपाला हिरवं आलं तर जोडणी थेट आहे. तासा-दोन तासांनी फिकट आलं तर मधे टाकी आहे आणि ती भरून वाहते आहे. रंग आलाच नाही तर एकदा मलवाहिनीच्या पुढच्या मॅनहोलमध्ये झाकण उघडून वरूनच टॉर्चनं बघा. झाकण उघडलं म्हणून आत उतरायचं नाही, दोरी बांधूनही नाही. आतला वायू नाकाला कळायच्या आत माणूस खाली पडतो, आणि २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवणं हा गुन्हाही आहे.

आता आकडा. पाणीपुरवठ्याचं सरकारी गणित माणशी दिवसाला १३५ लिटर धरतं आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं मानतं, म्हणजे १०८ लिटर. चार माणसांची शंभर घरं असतील तर दिवसाला ४३ हजार लिटरच्या वर. कच्च्या सांडपाण्याची बीओडी, म्हणजे ते कुजवताना जिवाणू पाण्यातला जेवढा प्राणवायू खातात त्याचं माप, लिटरमागे दोनशे-तीनशे मिलिग्रॅम असतं. खाडीच्या पाण्यात प्राणवायू फार तर सहा-साडेसात मिलिग्रॅम मावतो, कारण कोमट आणि खारं पाणी तो कमीच धरून ठेवतं. एका लिटर सांडपाण्याला तीस-चाळीस लिटर खाडीचा सगळा प्राणवायू लागतो, असा तो सौदा आहे.

मग ही घरं मलवाहिनीला का जोडत नाहीत? सगळेच कामचुकार नाहीत. खाडीकाठची घरं रस्त्यापेक्षा खाली आहेत. १०० मिलिमीटरच्या पाइपाला साधारण ६० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर उतार लागतो. घर मॅनहोलपासून ३० मीटरवर असेल तर पाइप अर्धा मीटर उतरायला हवा, आणि इथं मॅनहोलच घरापेक्षा वर. गुरुत्वाकर्षण खाडीकडे आहे, महापालिकेकडे नाही. उपाय एकच, दहा-वीस घरांत मिळून एक छोटी गोळाटाकी आणि मैला ओढणारा पंप, आणि पंप बंद पडला तर दुसरा तयार. पंप बसतो, पण त्याचं वीजबिल कुणी भरायचं यावर काम अडतं. हे आधी लिहून घेतलं नाही तर सहा महिन्यांत पंपाला गंज आणि पाइप पुन्हा खाडीत.

शोषखड्ड्याचा पर्याय काठावर चालत नाही. शोषखड्डा कोरड्या मातीत पाणी मुरवतो. खाडीकाठी दोन-तीन फुटांवर भूजल लागतं आणि ते भरतीबरोबर वर-खाली होतं. भरतीला खड्डा बाहेरून भरतो, ओहोटीला तो आपलं आणि शेजाऱ्याचं पाणी खाडीत झिरपवतो. कागदावर 'सेप्टिक टाकी व शोषखड्डा आहे' असं लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं.

टोंकचा मलप्रक्रिया प्रकल्प याच खाडीच्या काठी आहे. दिवसाला १ कोटी २५ लाख लिटर क्षमतेचं एसबीआर पद्धतीचं युनिट तिथं आहे आणि प्रक्रिया केलेलं पाणी खाडीतच सोडलं जातं. एसबीआर म्हणजे एकाच टाकीत आळीपाळीनं भरणं, हवा देणं, गाळ बसू देणं आणि वरचं नितळ पाणी काढून घेणं. हे पाणी नीट निघालं तर उन्हाळ्यात खाडीचा तोच सर्वांत भरवशाचा गोडा प्रवाह ठरतो. अशा पद्धतीत दोन गोष्टी घात करतात. पावसाचं पाणी मलवाहिनीत शिरतं आणि टाकीला बसू द्यायचा वेळच मिळत नाही, तेव्हा गाळ पाण्याबरोबर बाहेर पडतो. आणि किनाऱ्याच्या शहरांत जुन्या वाहिन्यांच्या सांध्यांतून खारं भूजल आत येतं, त्यामुळे गोड्या पाण्याला सरावलेले जिवाणू मंदावतात. म्हणून गच्चीचं पाणी मलवाहिनीला जोडू नका असं सांगतात. ते जोडणाऱ्याला वाटतं की आपण पावसाचं तर पाणी सोडतोय, स्वच्छच आहे.

तो वास

कुजक्या अंड्याचा. ताळगावच्या वरच्या पट्ट्यात तो नसतो, सांतिनेजपासून खाली असतो. घाण दोन्हीकडे आहे, मग फरक कशाचा? मिठाचा. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. प्राणवायू संपला की तळातले जिवाणू सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. गोड्या नाल्यात सल्फेट कमी, म्हणून तेवढ्याच घाणीला वास कमी. काठच्या घरात चांदीची निरांजनं आठवड्याभरात काळी पडतात ती याच वायूमुळे. हाच सल्फाइड मातीतल्या लोखंडाशी मिळून गाळाला तो कोळशासारखा काळा रंग देतो. गाळाची एक ढेप उचलून उन्हात ठेवा. तास-दोन तासांत बाहेरचा थर तांबूस-राखाडी होतो, फोडली तर आत काळीच. हवा लागल्यानं सल्फाइड जळतं आणि त्यातून शेवटी आम्ल तयार होतं. या आम्लाकडे गाळाच्या कामात पुन्हा यावं लागेल.

वास सर्वांत जास्त कधी? भांगेच्या दिवसांत, पहाटे. पाणी हलत नाही आणि शैवाल रात्रभर प्राणवायू खात असतं.

पाण्याचा नमुनाही म्हणूनच पहाटे, ओहोटीच्या शेवटी घ्यावा. दुपारी दोनला भरतीच्या पाण्याचा नमुना घेतला तर तो मांडवीचा असतो, वर शैवालानं उन्हात प्राणवायू ओतलेला. आकडा झकास येतो. एकाच जागेचे दोन अहवाल एकमेकांच्या विरुद्ध असले तर आधी नमुन्याची वेळ विचारा, प्रयोगशाळेला नंतर नावं ठेवा. वेळ लिहिलेली नसेल तर तो कागद रद्दी.

प्राणवायू मोजायला महागडं यंत्र नसेल तरी विंकलर पद्धत चालते. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली धरून, बुडबुडा न ठेवता भरायची. तिथंच २ मिलिलिटर मँगेनीज सल्फेट आणि २ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. बूच लावून उलटसुलट हलवायची. साका तपकिरी आला तर प्राणवायू आहे, जितका गडद तितका जास्त. साका पांढरा शुभ्र आला तर पुढचं काही करायची गरज नाही, पाण्यात प्राणवायू शून्य. हातातल्या बाटलीत पांढरे ढग खाली बसताना पाहिले की आकड्यांचा अहवाल वाचून जे पटत नाही ते पटतं. नेमका आकडा हवा असेल तर आम्ल घालून प्रयोगशाळेत थायोसल्फेटनं मोजतात. अंघोळीच्या आणि व्यापारी मासेमारीच्या किनारी पाण्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं माप आहे लिटरला किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू, बीओडी ३ च्या आत, आणि मैल्याचे जिवाणू १०० मिलिलिटरमागे १०० पर्यंत.

बरोबर क्षारता मोजा. साधा रिफ्रॅक्टोमीटर पुरतो, एक थेंब आणि उजेडाकडे धरून बघायचं. हा आकडा कायद्यालाही लागतो. किनारी क्षेत्राच्या नियमात भरतीचा प्रभाव कुठपर्यंत, हे ठरवायला सर्वांत कोरड्या काळात हजारी ५ भाग क्षारता हीच रेघ आहे. मे महिन्याच्या उधाणाला जिथपर्यंत ५ भरतं तिथपर्यंत ती नियमांच्या दृष्टीनं खाडी, मग बिल्डर तिला काहीही म्हणो.

पूर का येतो

पाऊस आणि भरती एकदम आले म्हणून. एकटा पाऊस निघून जातो, एकटी भरतीही निघून जाते.

एक हेक्टर जमीन घ्या, तासाला ६० मिलिमीटर पाऊस. शेत असेल तर त्यातला तीनदशांश भाग वाहून येतो असं धरतात, सेकंदाला ५० लिटर. तिथं इमारत, फरशी, पार्किंग झालं की नऊदशांश, सेकंदाला १५० लिटर. तिप्पट. तासाभरात एका हेक्टरमागे ५४० घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ५४ टँकर. आता बाहेर भरती असेल तर मुखाशी नदीची पातळी खाडीपेक्षा वर. पाणी जाणार कुठे? दोन-तीन तास ते आतच थांबायला हवं. पूर्वी ते ताळगावच्या शेतांत थांबायचं. जी शेतं पावसाळ्यात भात देतात आणि नंतर ती प्रसिद्ध वांगी, तीच शहराची विनापगारी टाकी आहेत. भराव टाकलेला प्रत्येक गुंठा म्हणजे पाणी थांबायची जागा गेली आणि वाहणारं पाणी तिप्पट झालं, दोन्ही एकाच वेळी. मोरी मोठी केल्यानं हे सुटत नाही. भरतीच्या वेळी मोठी मोरी नदीचंच जास्त पाणी आत आणते.

याचं उत्तर गोव्याला शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे: मानस. खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीतल्या, बांधाला चिऱ्यांची चौकट आणि तिला नदीच्या बाजूला उघडणारी लाकडी दारं. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं, भरतीला नदीच दार दाबून बंद करते. वीज नको, माणूस नको. आत पोंय, म्हणजे पाणी साठायचा खोलगट पाट, ठेवलेली असते. दार बंद असताना पाऊस पडला तर तो पोंयीत मावतो. लोक दाराकडे बघतात आणि पोंय विसरतात. नुसतं दार बसवलं आणि मागे साठवण ठेवली नाही, तर भरतीचा पूर थांबतो आणि पावसाचा पूर घरात येतो. मानशीवरच्या सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, होते, आणि त्यातून दाराची, बांधाची डागडुजी निघावी अशी ती व्यवस्था. दार गळकं ठेवलं की मासे जास्त मिळतात आणि शेतात खारं पाणी जातं, हे भांडणही तितकंच जुनं.

शहरात मानशीची धाकटी बहीण म्हणजे गटाराच्या तोंडाला लावलेली लोखंडी किंवा रबरी झडप. काठच्या प्रत्येक पावसाळी गटाराला ती हवी, नाहीतर उधाणाला कोरड्या दिवशीही रस्त्यावर पाणी येतं. पाऊस नाही, पाणी मात्र आहे आणि जीभ लावली तर खारं, असं दिसलं की समजायचं झडप नाही किंवा अडकली आहे. अडकते कशानं? एका पाण्याच्या बाटलीनं. बाटली बिजागराजवळ बसली की झडप दोन बोटं उघडी राहते आणि सहा तास नदी आत येते. दुसरं कारण कालवं, म्हणजे शिंपले. बसण्याच्या कडेवर ती चिकटतात आणि झडप टेकत नाही. तिसरं, झडपेसमोरच गाळ साचतो, मग ती उघडतच नाही आणि गटार आतून तुंबतं.

गाळ

सगळ्यांत लोकप्रिय काम, कारण ते दिसतं. एक किलोमीटर लांब, ८ मीटर रुंद पट्ट्यातून अर्धा मीटर गाळ काढायचा म्हटलं तर ४ हजार घनमीटर. एका टिपरमध्ये ८ घनमीटर धरले तर पाचशे फेऱ्या, आणि ओला गाळ टिपरमधून रस्ताभर सांडतो. म्हणून आधी सुकवायला जागा लागते. काठावर ढीग लावून ठेवला तर जूनच्या पहिल्या सरीला तो परत खाडीत. शेतात पसरला तर वर सांगितलेलं आम्ल सुटतं आणि भाताची मुळं जळतात. घाण बसलेल्या गाळाची जड धातूंसाठी आधी तपासणी हवी, तीही वेगवेगळ्या ठिकाणच्या आणि वेगवेगळ्या खोलीच्या नमुन्यांची.

सुरुवात मुखाकडून करावी. वरून सुरू केली तर ढवळलेला गाळ खालच्या अरुंद जागी जाऊन बसतो आणि दुसऱ्यांदा पैसे जातात. पण मुखाशी हावरटपणा करू नये. तळ गरजेपेक्षा खोल केला की भरती जास्त आत शिरते, मीठ ताळगावकडे सरकतं, आणि पुढच्याच मोसमात मांडवी तो खड्डा भरून टाकते. भिंतींच्या पायाजवळ तर पोकलेनचं बकेट नेऊच नये. जुन्या चिऱ्यांच्या भिंती तळातल्या गाळाच्या आधारानं उभ्या असतात. तो काढला की ओहोटीला, मागची माती पाण्यानं जड झालेली असताना, भिंत पायातून पुढे सरकते. मधला पट्टा खणायचा, दोन्ही कडांना मीटरभर सोडायचा.

तिवर आणि चिपी ही खारफुटीची झाडं 'अडथळा' म्हणून तोडायचा मोह होतो. ती कायद्यानं संरक्षित आहेत हा एक भाग. दुसरा असा की त्यांची श्वसनमुळं काठ धरून ठेवतात. तोडली की पुढच्या दोन पावसाळ्यांत तोच काठ गाळ होऊन तळाशी येतो. पाण्याच्या मुख्य धारेत आलेली कोवळी रोपं तेवढी परवानगी घेऊन हलवावी. जलपर्णीचं गणित वेगळं. ती गोड्या पट्ट्यातच माजते, खारं पाणी तिला सोसत नाही. तिला भरतीच्या टप्प्यात ढकलून दिलं की काही दिवसांत मरते, पण तिथंच बुडून कुजते आणि उरलासुरला प्राणवायू संपवते. म्हणून ती वरच, फुलं धरायच्या आत, मुळासकट बाहेर काढायची.

तरंगता कचरा अडवायला आडवी दोरी-जाळी लावतात. खाडीत ती दोन्ही दिशांनी काम करणारी हवी आणि पातळीबरोबर वर-खाली सरकणारी. दोन्ही टोकं भिंतीला पक्की बांधली तर भरतीला ती पाण्याखाली जाते आणि कचरा वरून निघून जातो. टोकं उभ्या सळईवर कड्यांनी सरकती ठेवायची, आणि धारेला काटकोनात न लावता तिरकी लावायची. कचरा आपोआप एका काठाला गोळा होतो आणि तिथून उचलता येतो. उधाणाच्या दिवसांत रोज उचलला नाही तर जाळीच धरण होते.

स्मार्ट सिटीच्या यादीत पणजी २०१६ मध्ये आली आणि खाडीकाठचे पदपथ, दिवे, बाक यांची चित्रं तेव्हापासून फिरताहेत. बाकांना माझा विरोध नाही. क्रम मात्र पाइप, झडपा, साठवण, मग गाळ आणि शेवटी बाक असा असावा. पाइप चालू ठेवून गाळ काढला तर काळा थर पुन्हा बसायला फार महिने लागत नाहीत.

सध्या हातात काही करण्यासारखं असेल तर ते मे अखेरचं. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, खोल ओहोटीला, काठावरून हात पोचेल अशा झडपा एकेक करून तपासा. हातमोजे, गुडघ्यापर्यंत बूट, एक पहार, एक लांब दांड्याचा पंजा, पटाशी आणि घट्ट ग्रीस. झडपेसमोरचा गाळ पंजानं ओढा, बिजागरातला कचरा काढा, कडेची कालवं पटाशीनं खरवडा. मग झडप हातानं उचलून सोडा. खट्ट असा स्वच्छ आवाज आला तर ती बसते आहे. भद्द आवाज आला तर मधे अजून काही आहे, पुन्हा उचला. आवाजच आला नाही आणि ती अर्ध्यावर लटकली तर बिजागराचा पिन गंजला आहे. तो स्टेनलेस स्टीलचा घालून घ्यावा, कारण साधा पिन खाऱ्या पाण्यात फार टिकत नाही.